नानाखेड्याच्या भिंतीवरचं तळं

आमच्या हॉलमध्ये सोफ्याच्या वर एक सीनरी आहे. मागे बर्फाचं शिखर, त्याच्या पोटाशी गर्द झाडी, मधोमध आरशासारखं तळं, डावीकडे कड्यावरून कोसळणारा धबधबा आणि पुढच्या काठावर पाणी प्यायला आलेली दोन हरणं. संध्याकाळी ट्यूबलाइट लावली की तिची पांढरी पट्टी काचेत बरोबर तळ्यावर आडवी पडते. उज्जैनच्या नानाखेडा बसस्टँडपासून चालत दहा मिनिटांवर आमचं घर. बाहेर इंदूरकडे जाणाऱ्या बसचे हॉर्न, आत हे तळं. चाळीसेक वर्षं ते तिथे आहे आणि आलेला प्रत्येक पाहुणा त्याच्याकडे पाठ करून बसतो, कारण सोफा त्याच्याच खाली आहे.

मागच्या महिन्यात पुण्याची भाची महाकालाच्या दर्शनाला आली. तिने मात्र सोफ्यावर बसायच्या आधी मान वर केली आणि विचारलं, "मावशी, हे कुठे आहे गं?"

"काश्मीर असेल," मी ठोकून दिलं.

तिने मोबाइलने फोटो काढून शोध घेतला. मोबाइलने आधी स्वित्झर्लंड सांगितलं, मग कॅनडा, मग भिंतीला चिकटवायचे कागद विकणारं एक दुकान. पोरगी हसली आणि विषय सोडून पोह्यांकडे वळली. ताटलीत शेव कमी पडली हे तिने लगेच ओळखलं. मालव्यात दोन दिवस राहिलं की कळतं ते. माझ्या डोक्यातून मात्र तो प्रश्न जाईना. कारण मला आतून उत्तर ठाऊक होतं. हे कुठेच नाही.

अशा चित्रांचं एक घराणं आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून एकोणिसाव्याच्या मध्यापर्यंत युरोपात स्वच्छंदतावादाचं जे वारं सुटलं, त्यात हे घराणं उभं राहिलं. त्याआधी चित्रांत डोंगर-तळी नव्हती असं नाही, पण ती मागे असत. पुढे कोणी संत, कोणी देवता, कोणी मेंढपाळ. या लोकांनी संताला नमस्कार करून बाजूला बसवलं आणि डोंगराला पुढे बोलावलं. १७५७ साली एडमंड बर्कने 'सुंदर' आणि 'उदात्त' यांची वेगवेगळी वाटणी करून दिली होती. गुळगुळीत, लहान, नाजूक ते सुंदर. अफाट, अंधारं, छातीत धस्स करणारं ते उदात्त, मात्र आपण स्वतः सुरक्षित उभे असलो तर. डोंगरातलं तळं चित्रकारांना इतकं का मानवलं, याचं उत्तर या वाटणीत आहे. वर उदात्त शिखर, खाली सुंदर पाणी. एकाच चौकटीत दोन्ही माल.

आता 'कुठे आहे'चं बघू. जर्मन चित्रकार कास्पार डेव्हिड फ्रीड्रिखने १८२४-२५ मध्ये वाट्झमान नावाचं बर्फाचं शिखर रंगवलं. आल्प्समधलं, २,७१३ मीटर उंच. चित्र असं की आपण थंडीने आकसून जावं. गंमत म्हणजे फ्रीड्रिख तिथे कधी गेलाच नव्हता. त्याच्या आउगुस्ट हाइनरिख नावाच्या शिष्याने जागेवर बसून केलेला अभ्यास त्याच्याजवळ होता, त्यावरून त्याने शिखर घेतलं आणि पुढचे खडक दूर उत्तरेकडच्या हार्झ डोंगरात स्वतः केलेल्या जुन्या रेखाटनांतून आणून बसवले. डोंगराचं डोकं एका प्रांतातलं, पाय दुसऱ्या प्रांतातले.

याच्याही पुढची पायरी आल्बर्ट बिअरस्टाटची. जन्म जर्मनीतला, वाढला अमेरिकेत. १८६३ साली तो कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा पर्वतात हिंडून आला, आणि पाच वर्षांनी, १८६८ मध्ये, रोममधल्या स्टुडिओत बसून त्याने त्या पर्वताचं चित्र केलं. साधारण सहा फूट उंच, दहा फूट रुंद. त्यात ढगांतून उतरणारे प्रकाशाचे झोत आहेत, आभाळात घुसलेले सुळके आहेत, कड्यावरून पडणारं पाणी आहे, काचेसारखं तळं आहे, आणि काठावर हरणं आहेत. आमच्या हॉलमधल्या हरणांचे हे आजोबा-पणजोबा. नकाशावर ही जागा सापडत नाही. हे सुळके त्या पर्वतात इतके टोकदार नाहीत, ते बिअरस्टाटने तासले. आणि चित्र आधी दाखवलं ते युरोपातल्या शहरांत, ज्यांनी कॅलिफोर्निया पाहिलेला नाही अशा लोकांना. आज ते वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

ही फसवणूक होती का? मला वाटतं, नाही. त्या काळी अशी चित्रं आपल्याकडच्या जत्रेतल्या तंबू-सिनेमासारखी पाहिली जात. फ्रेडरिक चर्च या अमेरिकन चित्रकाराने १८५९ साली 'अँडीजचं हृदय' हे एकच चित्र न्यूयॉर्कमध्ये अंधाऱ्या खोलीत, पडदे लावून मांडलं. तिकीट पंचवीस सेंट. लोक नाटकाला नेतात तशा छोट्या दुर्बिणी घेऊन यायचे आणि चित्राचा एकेक कोपरा, एकेक पान न्याहाळायचे. तीन आठवड्यांत बारा हजारांच्या आसपास माणसं येऊन गेली. पंचवीस सेंट देणाऱ्याला जागेचा सातबारा नको असतो. त्याला तिथे गेल्यासारखं वाटायला हवं असतं.

इंग्रज चित्रकार टर्नरचं प्रकरण थोडं निराळं. त्याचा डोंगर खरा आहे. स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्न तळ्याच्या काठावरचा रिगी, १,७९८ मीटर. टर्नर तळ्याच्या दुसऱ्या बाजूला, ल्युसर्न गावात मुक्काम करायचा आणि पहाटे, दुपारी, संध्याकाळी तोच डोंगर पाहायचा. पण त्याची धंद्याची रीत ऐकण्यासारखी आहे. त्याने जलरंगात छोटे नमुने केले आणि ते आपल्या विक्रेत्यामार्फत ठरावीक गिऱ्हाइकांना दाखवले. तुम्हाला कुठला आवडला ते सांगा, मोठं चित्र करून देतो. कापडाच्या दुकानात ठाणाचा तुकडा दाखवून माप घ्यावं तसं. १८४२ चा 'निळा रिगी' हा या मागणीनुसार झालेला माल, आणि तरीही जलरंगात याच्यापेक्षा मऊ पहाट कोणी केली असेल असं मला वाटत नाही. २००७ मध्ये लंडनच्या टेट संग्रहालयाने लोकवर्गणी मागून ते जवळपास पन्नास लाख पौंडांना विकत घेतलं. त्यात डोंगर जवळजवळ नाहीच. निळ्या रंगाचा एक श्वास आहे आणि त्याच्या खाली, पुढे, अगदी थोडं पिवळं.

हे निळं आणि पिवळं लक्षात ठेवा, कारण सगळी करामत तिथे आहे.

दूरचा डोंगर निळा का दिसतो? त्याच्यात निळं काही नसतं. आपण आणि तो यांच्यामधली हवा निळी असते. हवेचे कण प्रकाश विखुरतात, आणि लाटेची लांबी जितकी कमी तितकं विखुरणं जास्त. तेही साध्या पटीत नाही, लांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात. त्यामुळे निळा प्रकाश तांबड्याच्या चौपटीहून जास्त विखुरतो. जितका डोंगर लांब तितका मधल्या हवेचा थर जाड, तितका तिचा निळा उजेड डोंगराच्या काळोख्या भागावर सांडतो. म्हणून लांबच्या डोंगरात आधी सावल्या फिक्या होतात. लिओनार्दो दा विंचीने हे पाचेकशे वर्षांपूर्वी नीट पाहून लिहून ठेवलं. गणित लॉर्ड रॅलेने एकोणिसाव्या शतकात मांडलं. चित्रकाराला गणिताची गरज नसते. पुढच्या काठावर तांबूस, पिवळं, गडद. मागे निळं, फिकं, अस्पष्ट. बास. कॅनव्हास सपाटच असतो, पण मैलभर खोल जातो. त्या पिढीचं नशीबही जोरावर होतं: कोबाल्टचा निळा रंग १८०२ मध्ये आला, कारखान्यातला स्वस्त अल्ट्रामरीन १८२० च्या दशकात, आणि पिळून वापरायची धातूची ट्यूब १८४१ मध्ये. ज्या निळ्यासाठी पूर्वी अफगाणिस्तानातला राजवर्ख दगड कुटावा लागे, तो आता शेरभर मिळू लागला. दूरवरचे डोंगर स्वस्त झाले.

पाणी त्याहून अवघड. सीनरीवाला पाण्यात हमखास पकडला जातो.

प्रतिबिंब म्हणजे चित्र उलटं करून खाली चिकटवलं, असा आपला समज असतो. तसं नाही. पाण्यातला डोंगर आपल्याला दिसतो तो जणू आपला डोळा पाण्याच्या पृष्ठभागाखाली तितकाच खोल असावा तसा. म्हणजे खालून वर पाहिल्यासारखा. क्षिप्रेच्या रामघाटावर पलीकडच्या काठावर जाऊन उभं राहा आणि समोरच्या छत्र्यांकडे बघा. नुसत्या डोळ्यांना छत्रीची बाहेरची घुमटी दिसते. पाण्यात मात्र तिच्या छज्ज्याचा खालचा भाग जास्त दिसतो, जो वर नजरेला पडतच नव्हता. तसंच, काठावरच्या एखाद्या ठेंगण्या भिंतीमागचं उंच देऊळ वर अर्धं दिसत असलं तरी पाण्यात ती भिंत त्याला आणखी झाकते. मी हे पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा पन्नाशीची होते, आणि त्या घाटावर मी लहानपणापासून जातेय.

दुसरी गोष्ट कोनाची. पाण्यात सरळ खाली वाकून पाहिलं तर पडलेल्या प्रकाशातला शेकडा दोन भागच परत येतो, बाकी आत जातो. म्हणून पायाशी तळ दिसतो, दगड दिसतात, शेवाळ दिसतं. नजर जसजशी तिरपी होत जाते तसा आरसा जागा होतो: नजर पृष्ठभागापासून तीस अंशांवर आली की शेकडा सहा, दहा अंशांवर शेकडा पस्तीसच्या आसपास, पाच अंशांवर निम्म्याहून जास्त. म्हणजे एकाच तळ्याचा पुढचा भाग खिडकी असतो आणि मागचा भाग आरसा. ज्या चित्रकाराने पुढच्या काठाशी पाण्यातले गोटे दाखवले आणि मागे शिखर उलटं दाखवलं, त्याने तळं पाहिलेलं असतं. ज्याने काठापासून काठापर्यंत एकसारखा आरसा रंगवला, त्याने दुसरं चित्र पाहिलेलं असतं.

आणि लाटा. वारा नसला तरी पाणी कधी पूर्ण स्थिर नसतं. प्रत्येक बारीक लाट एक वाकडा आरसा असते, आणि ते सगळे मिळून प्रतिबिंबाला उभं ताणतात. म्हणून संध्याकाळी घाटावरचा एकच दिवा पाण्यात खांबासारखा लांबतो. डोंगराचं प्रतिबिंबही तसंच उभ्या रेघांत विरघळतं आणि मधूनच वाऱ्याची एखादी झुळूक तळ्यावर राखाडी पट्टा ओढते. टर्नरला हे पट्टे फार प्रिय. आल्प्समधल्या आणि हिमालयातल्या काही तळ्यांचं पाणी जे दुधाळ फिरोजी दिसतं, त्यालाही कारण आहे: हिमनदी खडकावरून सरकताना त्याचं पीठ करते, ते पीठ पाण्यात तरंगत राहतं आणि निळा-हिरवा उजेड परत फेकतं. आमच्या क्षिप्रेत पावसाळ्यात जी काळी माती येते ती असलं काही करत नाही, ती चहा करते.

हे सगळं मनात घेऊन मी सोफ्यावर उभी राहिले आणि आमचं चित्र जवळून तपासलं. शिखर पाण्यात जसंच्या तसं उलटं. पायाशी गोटे नाहीत. एका हरणाचं प्रतिबिंब आहे आणि दुसऱ्याचं नाहीच. चाळीस वर्षं एक हरीण आमच्या घरात बिनप्रतिबिंबाचं उभं आहे आणि कोणाच्या लक्षात आलं नाही.

अठराव्या शतकातले इंग्रज हौशी प्रवासी तळं पाहायला जाताना खिशात एक छोटा, फुगीर, काळसर काचेचा आरसा नेत. क्लोद लोरें या जुन्या फ्रेंच चित्रकाराच्या नावाने तो ओळखला जाई. तळ्याकडे पाठ करायची, आरसा समोर धरायचा आणि त्यात मागचं दृश्य पाहायचं. आरसा सगळं लहान, एकसंध आणि किंचित सोनेरी-काळं करून दाखवायचा, म्हणजे चित्रासारखं. कवी थॉमस ग्रे १७६९ मध्ये इंग्लंडच्या तळ्यांच्या मुलखात असाच आरशात बघत चालला होता, पाठमोरा पडला आणि हाताची बोटं सोलवटून घेतली. आरसा उघडाच हातात राहिला. आमच्या सोफ्यावर तळ्याकडे पाठ करून बसणारे पाहुणे त्या मानाने सुखरूप.

पण सपाट मुलखातल्या माणसाला दूरचं, उंचावरचं तळं हवंसं वाटणं ही काही युरोपची मक्तेदारी नाही. आमच्या उज्जैनलाच बघा. मालव्याचं पठार सपाट. गावची उंची समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरला थोडी कमी. इथे सात तळी पवित्र मानली जातात: रुद्रसागर, पुष्करसागर, क्षीरसागर, गोवर्धनसागर, रत्नाकरसागर, विष्णुसागर, पुरुषोत्तमसागर. समुद्र इथून कोसो दूर, आणि तळ्यांची नावं मात्र सागर. रुद्रसागराच्या काठाने २०२२ पासून महाकाल मंदिराच्या 'महाकाल लोक' आवाराची गर्दी वाहते; बाकीच्या काही सागरांत जलपर्णी जास्त आणि पाणी कमी. नाव ठेवणाऱ्याने डोळ्यांसमोरचं पाणी पाहून नाव ठेवलं नाही, हे उघड आहे.

आणि कालिदास. 'मेघदूता'तला यक्ष रामगिरीवर, म्हणजे परंपरेनुसार आपल्या नागपूरजवळच्या रामटेकवर, अडकलेला. तो ढगाला वाट सांगतो आणि वाट वाकडी पडली तरी उज्जयिनी चुकवू नकोस म्हणतो. मग ढग जातो कुठे? कैलासावर, मानस सरोवरावर, सोन्याच्या कमळांच्या पाण्यावर. मानस सरोवर साडेचार हजार मीटरवर आहे. तिथे साधं कमळ उगवत नाही, सोन्याचं तर सोडाच. बिअरस्टाटच्या आधी दीड हजार वर्षं कोणीतरी सुळके तासले होते. कुसुमाग्रज, बोरकर, शांता शेळके यांनी हे काव्य मराठीत आणलं तेव्हा कोणी त्यांना कमळांचा पुरावा मागितला नाही. १९५८ पासून उज्जैनला कालिदास समारोह भरतो, त्याच्या चित्रप्रदर्शनात मी दरवर्षी चक्कर मारते. दर खेपेला दोन-तीन तरी कैलास आणि एखादं मानस असतंच, आणि रंगवणारा बहुधा सपाट मुलखातलाच.

याच्या उलट टोकाला भीमबेटक्याच्या गुहा. आमच्या उज्जैनच्या विष्णु श्रीधर वाकणकरांना (माणूस आधी चित्रकार, मुंबईत रीतसर शिकलेला, उज्जैनला त्यांचं भारती कला भवन) १९५७ मध्ये रेल्वेतून जाताना खिडकीतून खडकांचे विचित्र आकार दिसले, ते उतरले, आणि त्यातून भीमबेटक्याची चित्रं जगापुढे आली. २००३ मध्ये युनेस्कोने ती जागतिक वारशात घेतली. त्या गुहांत हत्ती आहेत, गवे आहेत, शिकारी आहेत, हातात हात घालून नाचणारी माणसं आहेत, पुढच्या काळातले घोडेस्वार आहेत. डोंगर मात्र रंगवलेला नाही. क्षितिज नाही, तळं नाही. ती माणसं डोंगरातच राहत होती. खडक हीच त्यांची भिंत होती. भिंतीवर भिंत कशाला काढायची?

म्हणजे निसर्गचित्र काढायला निसर्गापासून थोडं लांब राहायला लागतं की काय? मी हे कोणा चित्रकाराला विचारलं तर तो चिडेल, आणि त्याला चिडायला एक भक्कम कारण इंदूरला आहे.

नानाखेड्याहून बसने पंचावन्न किलोमीटर. १९२७ मध्ये दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी तिथे चित्रशाळा सुरू केली. होळकरांचं संस्थान, मराठी मास्तर, आणि विद्यार्थी कोण कोण: नारायण श्रीधर बेंद्रे, दे. ज. जोशी, विष्णु चिंचाळकर, काही काळ मकबूल फिदा हुसेनसुद्धा. देवळालीकरांनी या पोरांना उजेड बघायला लावला. मालव्यात रंगवायला शिखर नाही, धबधबा नाही, बर्फ नाही. आहे तो उजेड: दुपारी पांढऱ्या भिंतीवरून डोळ्यांत घुसणारा, आणि ज्या 'शब-ए-मालवा'चं, म्हणजे मालव्याच्या रात्रीचं, एवढं कौतुक, तिच्या आधीच्या संध्याकाळी हळूहळू जांभळा होत जाणारा. गल्लीत सावली कुठल्या रंगाची असते हे पाहायला लावलं, की ती काळी नसते, निळी असते, हे पोराला स्वतःच कळतं. उदात्ताचा मुद्दाच निकालात निघतो.

यातले बेंद्रे १९१० साली इंदूरला जन्मले. १९३३ मध्ये मुंबईची पदविका घेतली, आणि १९३६ ते १९३९ या काळात काश्मीरच्या पर्यटक विभागात, श्रीनगरला, चित्रकार-पत्रकार म्हणून नोकरी केली. म्हणजे आमच्या सपाट मालव्यातला मराठी मुलगा थेट खऱ्या तळ्यांच्या काठावर जाऊन बसला, आणि तेही पर्यटकांना बोलावण्यासाठी. नोकरीच सीनरीची. अशा वेळी सुळके तासायचा मोह किती व्हावा! पण बेंद्र्यांच्या निसर्गचित्रांकडे बघताना मला जाणवतो तो हात उजेडाचा हिशेब ठेवणाऱ्याचा आहे. जागेवर बसून, भराभर, पाणी वाळायच्या आत. माणसं असतात, होड्या असतात, झाडं असतात, आणि डोंगर मागे आपल्या जागी असतो, छातीवर बसत नाही. घाबरवणारा डोंगर त्यांनी इंदूरच्या वर्गातच मागे ठेवला होता. पुढे १९५० मध्ये ते बडोद्याच्या ललित कला विद्याशाखेत गेले, त्यांनी पिढी घडवली, शैली बदलत राहिले. उतारवयात ठिपक्याठिपक्यांनी चित्रं केली. उजेडाचे सुटे पैसे मोजावेत तशी.

कोल्हापूरचे आबालाल रहिमान हे आणखी एक. त्यांना पर्वतातलं तळं मिळालं नाही आणि त्यांनी ते मागितलंही नाही. घर कोटीतीर्थाच्या काठावर, आणि फार तर रंकाळ्यापर्यंत जायचं. रंकाळ्याच्या पाण्यातला संध्यामठ त्यांनी असा रंगवला की कोल्हापूरकर आजही त्या मठाकडे आबालालांच्या डोळ्यांनी बघतो. शाहू महाराज १९२२ मध्ये गेले तेव्हा या माणसाने दुःखात आपली ढीगभर चित्रं कोटीतीर्थात बुडवली, असं कोल्हापुरात सांगतात. तळ्याची चित्रं तळ्यात. एखाद्या जर्मन स्वच्छंदतावाद्याने ही गोष्ट ऐकली असती तर त्याने तिचंच चित्र केलं असतं.

भाची गेल्यावर मी आमची सीनरी खाली उतरवली. काच कडेला तडकली होती, पट्टीचा सोनेरी मुलामा उडाला होता. गुंडाळून बसस्टँडच्या बाजूच्या फ्रेमवाल्याकडे नेली.

"दीदी, ये तो पूरी नीली पड़ गई," त्याने पाहताक्षणी सांगितलं. "नई दे दूँ? सेम सीनरी, वॉटरफॉल वाली."

मी इतकी वर्षं तो निळेपणा हिमालयाची थंडी समजत होते. छपाई चार शाईंची असते: निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी. स्वस्त छपाईत ऊन लागलं की आधी पिवळी आणि किरमिजी उडते. निळसर आणि काळी टिकून राहतात. आमच्या हॉलला पश्चिमेची खिडकी. चाळीस वर्षं मालव्याच्या उन्हाने रोज थोडं पिवळं, थोडं तांबडं उचलून नेलं. पुढचा काठ निळा झाला, हरणं निळी झाली. आणि निळं म्हणजे दूर. जे पायाशी होतं ते हळूहळू सरकत सरकत पार डोंगरापाशी गेलं. चित्रातली खोलीच सपाट झाली, म्हणून ट्यूबलाइटची पट्टी त्यात सगळ्यात पुढची वाटायची.

फ्रेमवाल्याने पक्कडीने मागच्या गंजलेल्या चुका एकेक करून उपसल्या, पुठ्ठा काढला. मागे जळमटं आणि एक मेलेली पाल. कागद पट्टीच्या खोबणीतून सुटा झाला तेव्हा कळलं की ते कॅलेंडर होतं. खाली कातरीने कापलेली महिन्याची रेघ अजून होती. जागेचं नाव कुठेही नव्हतं.

मात्र चारी बाजूंनी, खोबणीखाली दडलेली, करंगळीच्या नखाएवढी रुंद एक पट्टी होती, जिला इतक्या वर्षांत ऊन लागलं नव्हतं. वरच्या बाजूला ती आभाळाची होती, आणि आभाळ निळं नव्हतंच, पिकल्या आंब्यासारखं केशरी होतं. ती संध्याकाळ होती. खालच्या बाजूला गवत, वाळलेलं, पिवळंधमक, मध्ये तांबडी माती, आणि एका हरणाच्या खुराचं टोक, बदामी.

"पट्टी कौन सी लगाऊँ?" फ्रेमवाल्याने विचारलं.

मी म्हटलं, अशी लाव की ही कड दिसत राहील. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग कागदाकडे, आणि कानावरची पेन्सिल काढून माप लिहून घेतलं.